प्रोस्टेटची गोळी आणि वाट पाहण्याचे महिने

वय वाढतं तसं पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरत जातं. चाळिशीनंतर साधारण वर्षाला एक टक्का, असं म्हणतात. आणि याच संप्रेरकावर पोसली जाणारी, मूत्राशयाखाली लघवीच्या वाटेभोवती असलेली प्रोस्टेट ग्रंथी नेमकी त्याच वयात वाढायला लागते. खतपाणी कमी होत असताना वाढ का व्हावी? माझ्या प्रोस्टेटवरचे उपचार सुरू झाले तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर मिळालं म्हणून मी औषध नेटाने घेऊ शकलो, आणि ते उत्तर एन्झाइम्समध्ये, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांमध्ये होतं. साठी ओलांडलेल्यांना किंवा ज्यांच्या घरात असा कुणी आहे त्यांना उपयोग होईल, म्हणून जसं घडलं तसं लिहितो आहे.

माझा त्रास इतक्या सावकाश वाढला की सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. उभं राहिल्यावर लघवी सुरू व्हायला वेळ लागायचा. धार बारीक झाली होती, मध्येच तुटायची, आणि झालं असं समजून बाहेर यावं तर पुन्हा जावंसं वाटायचं. रात्रीची झोप तर तुकड्यातुकड्यांतच व्हायची. "अहो, पुन्हा उठलात? एकदा दाखवून या ना," असं बायको म्हणायची. मित्रांना विचारावं तर प्रत्येकाचं एकच, वयाचं असतं ते. यात तथ्य आहेच. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ सापडते, आणि पंच्याऐंशीच्या पुढे ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. पण वाढ असणं वेगळं आणि तिचा त्रास होणं वेगळं. त्रास होत असेल तर तो सहन करण्यात कसलाच पुरुषार्थ नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे.

मला दवाखान्यात नेलं ते दादाच्या अनुभवाने. त्याला सर्दी झाली होती, त्याने नेहमीची सर्दीची गोळी घेतली आणि रात्री त्याची लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखं घट्ट, घामाने अंग ओलं, आणि एक थेंब बाहेर येत नव्हता. कॅथेटर घातल्यावर तो पहिल्यांदा नीट बोलू शकला. नंतर डॉक्टरांनी कारण सांगितलं. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं, ते मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटमधले स्नायू आवळतं. सोबतचं ॲलर्जीचं औषध मूत्राशयाचा जोर कमी करतं. आधीच अरुंद झालेल्या वाटेवर हे दोन्ही एकदम आले की दार बंद. दादाची ग्रंथी कित्येक वर्षं वाढत होती आणि त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

तिथे आधी हातात आला तो एक छापील तक्ता. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण: मूत्राशय पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटतं का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, धार थांबून थांबून येते का, लघवी रोखणं कठीण जातं का, धार कमजोर आहे का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र. माझे गुण अठरा आले. शेवटी एक वेगळा प्रश्न होता: उरलेलं आयुष्य लघवीच्या याच स्थितीत काढावं लागलं तर कसं वाटेल? त्या प्रश्नावर मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो. आकड्यांनी जे सांगितलं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने माझ्याकडून काढून घेतलं.

घरी करायचं कामही दिलं होतं. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहायची. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरली, तर रात्री उठण्याचं कारण प्रोस्टेटपेक्षा वेगळीकडे, म्हणजे पायांवरची सूज, हृदय, मूत्रपिंड किंवा झोपेत श्वास अडखळणं यात असू शकतं. मग प्रोस्टेटचं औषध कितीही घेतलं तरी रात्रीची झोप परत येत नाही. माझं प्रमाण बरोबर होतं.

बाकीच्या तपासण्या भराभर झाल्या. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी अर्ध्या मिनिटाचीही नव्हती. तिच्या धास्तीने लोक वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे जात नाहीत, याचं वाईट वाटतं. ग्रंथी मोठी पण गुळगुळीत आणि लवचिक लागली. टणक गाठ लागली असती तर कर्करोगाच्या दिशेने पुढचा तपास झाला असता. सोनोग्राफीत ग्रंथीचं आकारमान ५८ मिलिलिटर निघालं. तरुण वयात ते विसाच्या आसपास असतं. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात सुमारे नव्वद मिलिलिटर शिल्लक होती. धारेचा वेग मोजणाऱ्या यंत्रात कमाल वेग सेकंदाला नऊ मिलिलिटर आला. पंधराच्या वर असेल तर ठीक, दहाच्या खाली गेला की अडथळ्याचा संशय घेतात. रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं आणि कर्करोगाच्या शंकेसाठी तपासलं जाणारं प्रथिन, ३.६ होतं.

सगळे कागद समोर ठेवून डॉक्टरांनी दोन औषधं लिहिली, टॅम्सुलोसिन आणि फिनास्टेराइड. मी माझा प्रश्न विचारला. "डॉक्टर, या वयात पुरुषी संप्रेरक कमी होतं ना? मग ही वाढते कशी?"

ते म्हणाले, "तुम्ही रक्ताकडे बघताय. ग्रंथीच्या आत काय चाललंय ते बघा."

मग त्यांनी कागदावर काही आकृत्या काढून दिल्या. पुढचे काही आठवडे मी त्या कागदाला धरून वाचत गेलो. त्यातून जे समजलं ते असं. टेस्टोस्टेरॉन रक्तातून प्रोस्टेटच्या पेशीत शिरतं तेव्हा ते अजून कच्चा मालच असतं. पेशीत ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनच्या रेणूतला एक दुहेरी बंध उघडून तिथे हायड्रोजनचे दोन अणू जोडतं आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, तयार होतं. ही क्रिया एकाच दिशेने होते. डीएचटीचं पुन्हा टेस्टोस्टेरॉन होत नाही. बदल एवढासा, पण परिणाम मोठा. पेशीतल्या ज्या ग्राहीला ही दोन्ही संप्रेरकं जाऊन चिकटतात, त्या ग्राहीवर टेस्टोस्टेरॉन पाहुण्यासारखं येऊन जातं आणि डीएचटी मुक्काम ठोकतं. ते अधिक घट्ट बसतं, उशिरा सुटतं, आणि बसलेलं असेपर्यंत पेशीला वाढीचे आणि जगत राहण्याचे आदेश मिळत राहतात.

या एन्झाइमचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला त्वचेत आणि यकृतात जास्त असतो. प्रोस्टेटमध्ये वर्चस्व दुसऱ्याचं, आणि तोही मुख्यतः ग्रंथीच्या आधार-ऊतीतल्या पेशींमध्ये. तिथे तयार झालेलं डीएचटी शेजारच्या स्राव करणाऱ्या पेशींपर्यंत झिरपतं. म्हणजे ग्रंथी स्वतःपुरतं ताकदवान संप्रेरक स्वतःच्या आत बनवत असते. रक्तातला पुरवठा थोडा घटला तरी आतलं उत्पादन पुरेसं राहतं. माझ्या प्रश्नाचं मूळ उत्तर हे.

वाचता वाचता एका गोष्टीपाशी मी थबकलो. १९६८ साली निकोलस ब्रुखोव्स्की आणि जीन विल्सन यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण केलेलं टेस्टोस्टेरॉन दिलं आणि प्रोस्टेटच्या पेशीकेंद्रात शोध घेतला, तर तिथे मुख्यतः सापडलं ते डीएचटी. प्रत्यक्ष काम कोण करतं ते यातून उघड झालं. पुढे माणसांच्या ऊती तपासताना वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये डीएचटी साध्या प्रोस्टेटच्या कितीतरी पट जास्त असल्याचे आकडे आले, आणि बरीच वर्षं तेच खरं धरलं गेलं. १९८३ साली पॅट्रिक वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तुलनाच सदोष होती. वाढलेल्या ग्रंथीचे नमुने शस्त्रक्रियेतून ताजे मिळत होते, पण साध्या ग्रंथीचे नमुने मृतदेहांतून घेतलेले होते. मृत्यूनंतरही ऊतीतली एन्झाइम्स काही काळ काम करत राहतात आणि डीएचटीचं विघटन करून टाकतात, म्हणून तिथला आकडा कमी दिसत होता. दोन्हीकडचे ताजे नमुने घेतल्यावर डीएचटी जवळपास सारखंच निघालं.

याचा अर्थ वाढलेल्या ग्रंथीत डीएचटीचा पूर आलेला नसतो. ते तरुणपणी होतं त्याच पातळीवर टिकून राहिलेलं असतं. बाकी शरीराला वार्धक्याची चाहूल लागते आणि हा एक अवयव मात्र तारुण्यातल्याच हुकमांवर चालत राहतो. मला हे फार विलक्षण वाटलं.

डीएचटी तयार होतं तसं ते मोडलंही जातं, आणि ते कामही एन्झाइम्सचंच. एक गट त्याचं रूपांतर दुबळ्या अँड्रोस्टेनडायॉलमध्ये करतो. दुसरा गट त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळण्याजोगं करतो, म्हणजे ते लघवीवाटे बाहेर टाकता येतं. पण पहिल्या वाटेवर उलटा रस्ताही आहे, दुबळ्या रूपातून पुन्हा डीएचटी होऊ शकतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनवर तिसरं एक एन्झाइम टपलेलं असतं, ॲरोमटेज. ते त्याचं इस्ट्रोजेन करतं, आणि चरबीच्या ऊतीत ते भरपूर असतं. वजन वाढलेल्या पुरुषांत या समतोलाचा काटा इस्ट्रोजेनकडे झुकतो, आणि प्रोस्टेटच्या आधार-ऊतीच्या वाढीत इस्ट्रोजेनचाही हात असावा असं संशोधक मानतात. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं तेव्हा मला तो नेहमीचा उपदेश वाटला होता. ॲरोमटेजबद्दल वाचल्यावर त्यामागचं कारण दिसलं आणि मी चालणं वाढवलं.

फिनास्टेराइडचा उगम वाचला तेव्हा मी खरोखर हललो. डॉमिनिकन रिपब्लिकच्या नैर्ऋत्येकडच्या एका खेड्यात काही मुलं अशी जन्मत होती की जन्मतः त्यांना मुलगी समजलं जाई आणि तसंच वाढवलं जाई. वयात येताना मात्र त्यांचा आवाज फुटायचा, स्नायू भरायचे, लिंग वाढायचं. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. नव्हतं ते ५-अल्फा रिडक्टेजचं काम. गर्भात बाह्य जननेंद्रियांना पुरुषी आकार देतं ते डीएचटी, आणि तेच पुरेसं झालं नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेत डॅलसच्या वॉल्श आणि विल्सन यांच्या गटाने दुसऱ्या एका कुटुंबात हाच दोष दाखवला. आणि त्या खेड्यातल्या प्रौढ पुरुषांबद्दलची एक नोंद सगळ्या जगाच्या कामाची ठरली: त्यांना टक्कल पडत नव्हतं, आणि त्यांची प्रोस्टेट आयुष्यभर लहानच राहत होती.

औषधं बनवणाऱ्या मर्क कंपनीच्या संशोधनाची सूत्रं तेव्हा रॉय व्हॅगेलोस यांच्याकडे आली होती. एन्झाइम जन्मतः नसेल तर ग्रंथी वाढत नाही. मग म्हातारपणी ते एन्झाइम औषधाने अडवलं तर? या विचारातून फिनास्टेराइड घडलं आणि १९९२ साली अमेरिकेत प्रोस्टेटवाढीसाठी त्याला मान्यता मिळाली. मी रोज जी गोळी गिळतो तिच्यामागे त्या खेड्यातली माणसं आहेत. त्यांनी आपलं अगदी खाजगी आयुष्य अनोळखी डॉक्टरांपुढे उघडं केलं. त्यांची आठवण मला अनेकदा येते, आणि ती कृतज्ञतेची असते.

फिनास्टेराइड दुसऱ्या प्रकारच्या एन्झाइमला जवळजवळ कायमचं जखडून टाकतं. पाच मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीने रक्तातलं डीएचटी सुमारे सत्तर टक्क्यांनी आणि ग्रंथीतलं सुमारे ऐंशी टक्क्यांनी खाली येतं. ड्युटास्टेराइड हे नंतरचं औषध दोन्ही प्रकारांना अडवतं आणि रक्तातलं डीएचटी नव्वद टक्क्यांहून जास्त उतरवतं. "मग तेच का नाही?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले की ग्रंथी आक्रसण्यात दोघांत मोठा फरक पडत नाही, पण ड्युटास्टेराइड शरीरातून अर्धं जायलाच पाच आठवडे लागतात. फिनास्टेराइडला तासांचाच हिशेब. काही त्रास झाला तर थांबवणं सोपं. मला हे पटलं.

त्या सुमारास आमची मुलगी बाळंतपणासाठी यायची होती. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं की गरोदर बाईने फिनास्टेराइडची मोडलेली किंवा चुरडलेली गोळी हाताळू नये. अखंड गोळीवर आवरण असतं, पण मोडलेल्या गोळीतलं औषध त्वचेतून शरीरात जाऊ शकतं, आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांची घडण बिघडू शकते. कारण मला आता माहीत होतं; त्या खेड्यातल्या मुलांचीच ती गोष्ट. "बाबा, एवढी काळजी कशाला, मी कशाला तुमच्या औषधांना हात लावतेय?" असं मुलगी म्हणाली. तरी गोळ्यांची पाकिटं मी कुलपात ठेवली आणि गोळी कधी अर्धी केली नाही. रक्तदानावरही याचमुळे बंधन आहे: फिनास्टेराइड थांबवल्यावर निदान महिनाभर आणि ड्युटास्टेराइड थांबवल्यावर सहा महिने रक्त द्यायचं नसतं, कारण ते रक्त कुणा गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं.

आता वाट पाहण्याचे महिने. टॅम्सुलोसिनचा गुण आठवड्याभरात दिसला. ते मूत्राशयाच्या तोंडाचे आणि ग्रंथीतले स्नायू सैल करतं, ग्रंथीच्या आकाराला हात लावत नाही. धार सुधारली. उठून उभं राहताना सुरुवातीला जरा गरगरायचं, म्हणून रोज एकाच जेवणानंतर घ्यायचं आणि खुर्चीतून सावकाश उठायचं हे पाळलं. वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जातं, हेही या औषधाने होतं. ते निरुपद्रवी आहे, पण आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो.

फिनास्टेराइडचा मात्र महिनोन्महिने काहीच पत्ता नव्हता. लोक औषध सोडतात ते याच टप्प्यावर. माझ्या ओळखीच्या एकांनी "एकच गोळी काम करतेय, दुसरी कशाला?" म्हणून ती बंद केली होती. मलाही तो मोह झाला. पण आत काय चाललंय याचं चित्र आता माझ्याकडे होतं. आदेश थांबल्यावर पेशींची संख्या हळूहळू घटते, विशेषतः स्राव करणाऱ्या पेशींची, आणि कित्येक वर्षांत वाढलेली ऊती महिन्याभरात ओसरत नाही. लक्षणांत फरक पडायला सहा महिने तरी द्यावे लागतात. ग्रंथी आक्रसते ती साधारण वीस ते पंचवीस टक्के, त्याहून मोठी आशा धरू नये.

दोन औषधं एकत्र का, याचं सज्जड उत्तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आहे. त्यात ३,०४७ पुरुष होते आणि सरासरी साडेचार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. आजार पुढे सरकण्याचा धोका नुसत्या डॉक्साझोसिनने, म्हणजे टॅम्सुलोसिनच्याच जातीच्या औषधाने, ३९ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या फिनास्टेराइडने ३४ टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून ६६ टक्क्यांनी. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की लघवी तुंबण्याचा आणि शस्त्रक्रियेचा दीर्घकालीन धोका ज्यांच्यात घटला ते फिनास्टेराइड घेणारे होते. दादाची ती रात्र मी पाहिली होती. मला आज बरं वाटण्यापेक्षा तसं होऊ न देणं जास्त हवं होतं. एक मात्र लक्षात ठेवा, हे औषध मोठ्या ग्रंथीवरच लागू पडतं. तीस-चाळीस मिलिलिटरच्या खालच्या ग्रंथीला त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून सोनोग्राफीशिवाय दुसऱ्याची चिठ्ठी बघून ते सुरू करू नये.

या काळात सॉ पामेटोच्या, म्हणजे ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या फळांच्या अर्काच्या, कॅप्सूल घे असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. तेही हेच एन्झाइम अडवतं म्हणे, आणि नैसर्गिक आहे. नीट केलेल्या चाचण्यांचे निकाल वेगळं सांगतात: २००६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत २२५ पुरुषांवर वर्षभर पाहिलं, तर नकली गोळीपेक्षा काहीही फरक नव्हता, २०११ साली दुसऱ्या चाचणीत मात्रा तिपटीपर्यंत वाढवूनही तेच. मी ते घेतलं नाही.

दुष्परिणामांबद्दल पुरुष बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. कामेच्छा काहीशी मंदावली आणि वीर्याचं प्रमाण घटलं. काहींना ताठरतेचा त्रास होतो. मी हे बायकोशी आधीच मोकळेपणाने बोललो होतो, त्यामुळे आमच्यात त्याचा गैरसमज झाला नाही. काही महिन्यांनी डाव्या स्तनाग्राखाली थोडं दुखायला लागलं. इथे पुन्हा एन्झाइमच. एक वाट बंद केली की न वापरलेलं टेस्टोस्टेरॉन थोडं वाढतं, आणि त्यातलं काही ॲरोमटेजच्या वाटेने इस्ट्रोजेन होतं. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, गाठ नव्हती, दुखणं पुढे ओसरलं. पण स्तनात गाठ किंवा स्राव दिसला तर लगेच दाखवायचं, पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. मनाकडेही लक्ष ठेवायला सांगितलं होतं. हेच एन्झाइम मेंदूत काही शांतवणारी द्रव्यं तयार करण्यात भाग घेतं, आणि औषध घेणाऱ्या काही जणांत उदासी आल्याच्या नोंदी आहेत. मला तसं झालं नाही. झालं असतं तर मी गोळी थांबवून सरळ डॉक्टरांकडे गेलो असतो.

पीएसएची गोष्ट तर प्रत्येकाला माहीत असायलाच हवी. पीएसए हे स्वतःच एक एन्झाइम आहे. प्रोस्टेटच्या पेशी ते वीर्य पातळ राहावं म्हणून बनवतात, आणि त्याचं जनुक डीएचटी बसलेल्या त्याच ग्राहीच्या हुकमाने चालू होतं. हुकूम मंदावला की पीएसएही उतरतं. सहा महिने ते वर्षभरात ते साधारण निम्म्यावर येतं, कर्करोग असो वा नसो. माझं ३.६ वरून १.७ झालं. अहवालावर छापलं होतं, सामान्य. डॉक्टरांनी पेनाने त्याच्यापुढे दुपटीचा आकडा लिहिला, ३.४. गोळी घेणाऱ्याने आकडा दुप्पट करून वाचायचा, आणि औषध चालू असताना सर्वांत खालच्या आकड्यावरून तो वर चढू लागला तर सामान्य मर्यादेत असला तरी तपास करायचा. तपासणाऱ्या प्रयोगशाळेला तुम्ही काय घेता ते माहीत नसतं. म्हणून दर वेळी अर्जावर औषधाचं नाव मी स्वतः लिहितो.

कर्करोगाचा विषय निघालाच आहे तर, २००३ सालच्याच दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत फिनास्टेराइड घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला, पण आक्रमक प्रकाराचं प्रमाण थोडं जास्त निघालं आणि बरीच खळबळ झाली. त्याच पुरुषांचा पुढचा मागोवा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. मी हे वाचून डॉक्टरांशी चर्चा केली आणि औषध चालू ठेवलं.

वर्षानंतरच्या सोनोग्राफीत ग्रंथी ५८ वरून ४५ वर आली होती. धारेचा वेग चौदा झाला, तक्त्यातले गुण नऊवर आले. रात्री अजून एकदा उठावं लागतं. मूत्राशयात शिल्लक राहणारी लघवी नगण्य आहे.

मी विचारलं, "आता कधीपर्यंत घ्यायची?" डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की एन्झाइम तिथेच आहे, ते फक्त अडवून ठेवलं आहे. गोळी सोडली की दोनेक आठवड्यांत डीएचटी पूर्वपदावर येतं आणि साधारण तीन महिन्यांत ग्रंथीही जवळपास पहिल्या आकाराला जाते. शस्त्रक्रियेचा पर्याय कायम आहे, दुर्बिणीतून किंवा लेझरने. लघवी वारंवार तुंबणं, मूत्राशयात खडे होणं, मूत्रपिंडावर ताण येणं, लघवीतून पुन्हापुन्हा रक्त जाणं, यांतलं काही झालं तर तो टाळायचा नाही.

तूर्त ठरलंय ते असं: फिनास्टेराइड चालू. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू आहे, आणि टॅम्सुलोसिनमुळे शस्त्रक्रियेत बुबुळाचा पडदा ढिला पडून अडचण येऊ शकते. औषध आधी बंद केलं तरी तो धोका पूर्ण जात नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत त्याची कल्पना दिली आहे. डोळ्याचं काम झालं की टॅम्सुलोसिन थांबवून पाहायचं, महिन्याभराने धारेचा वेग पुन्हा मोजायचा, आणि तो घसरला असेल तर ते परत सुरू करायचं. पीएसए दर वर्षी.